योगशिक्षकाची तयारी



आज आपण बोलणार आहोत ते योगशिक्षकाच्या शिक्षणाविषयी. योगाविषयी पुष्कळ बोलले जाते. अमुक आसन पोटावर चालते, तमुक प्राणायाम दम्यावर चालतो, असे सांगणारे चावडीपासून एस.टी. स्टँडपर्यंत कुठेही भेटतात. पण जो दुसऱ्याला शिकवायला उभा राहणार, त्याने स्वतः काय शिकलेले असावे, किती दिवस आणि कुणापाशी, याचा विचार फार थोडे लोक करतात. बैलाला नाल मारायची झाली तरी आपण माहीतगार माणूस शोधतो. मग माणसाचे गुडघे, कंबर आणि श्वास कुणाच्या हाती द्यायचे, याचा विचार नको का करायला?

हा विचार आटपाडीपासून सुरू करावा, असे मला वाटते. त्याला कारण आहे. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हा हा मुलूख दक्षिण साताऱ्यात गेला आणि पुढे त्याच जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. पण १९४८ पर्यंत आटपाडी हा औंध संस्थानचा एक महाल होता. संस्थान लहानसे, सुमारे ७२ गावांचे, आणि तीही गावे एका जागी नाहीत. काही औंधाभोवती, काही कुंडलकडे, काही माणदेशात. अशा विखुरलेल्या, पावसाला पारख्या मुलखात शाळेतल्या मुलामुलींना नियमाने सूर्यनमस्कार घालायला लावणारा राजा होऊन गेला. आज नव्वदीच्या घरात असलेला, त्या काळी शाळेत गेलेला एखादा म्हातारा तुमच्या वस्तीवर असेल तर त्याला विचारून बघा. ओळीने उभे राहून घातलेले नमस्कार त्याच्या ध्यानात असतील.

हे राजे म्हणजे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांचा जन्म १८६८ सालचा. १९०९ साली ते गादीवर आले आणि १९५१ साली वारले. तरुणपणी त्यांना सँडो या युरोपातल्या प्रसिद्ध मल्लाच्या व्यायामपद्धतीचे वेड होते. सँडोची साधने मागवून त्यांनी सुमारे दहा वर्षे तो व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या पटवर्धन अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग जन्मभर त्यांनी तो सोडला नाही. राजवाड्यातली बायकामुलेही नमस्कार घालीत. १९२८ साली त्यांनी या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि दहा वर्षांनी, १९३८ साली, लंडनच्या एका प्रकाशकाने ते नव्या रूपात काढले. सूर्यनमस्कार मूळचा आपल्या तालमीतला आणि घरच्या देवापुढचा. पण त्याला क्रमवार, शिकवता येण्याजोगे रूप देऊन शाळेत आणण्याचे मोठे काम औंधाने केले.

याच औंधाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या कल्पनेतून ही वसाहत उभी राहिली. शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीशिवाय, शेती करून, बायकामुलांसह राहू लागले. १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. म्हणजे माणसाला वळण लावायचे ते त्याच्यात राहून, त्याच्याबरोबर काम करून, ही गोष्ट या मातीला नवी नाही.

आता औंधाच्या नमस्कारातून योगशिक्षकाने काय घ्यावे?

पहिली गोष्ट अशी की, शिकवणाऱ्याने आधी स्वतः करावे. बाळासाहेब नुसता हुकूम काढून बसले नाहीत; म्हातारपणीही ते रोज जमिनीला हात टेकीत होते. दुसरी गोष्ट, व्यायाम गरिबाला परवडला पाहिजे. नमस्काराला सात फूट जमीन आणि थोडा वेळ लागतो, बाकी काही लागत नाही. ज्या गावात प्यायचे पाणी टँकरने येई, त्या गावात हीच गोष्ट चालण्यासारखी होती.

पण तिसरी गोष्टही सांगितली पाहिजे. शाळेतली मुले एका वयाची, हलक्या अंगाची. त्यांना ‘एक, दोन, तीन’ म्हणून एका ठेक्यावर चालवता येते. गावात योगाचा वर्ग भरला तर तिथे कोण येतील? साठीची आजी येईल, तिचे गुडघे धरलेले. ऊस तोडून आलेला गडी येईल, त्याच्या कमरेत चमक भरलेली. बाळंतपण होऊन तीन महिने झालेली सूनबाई येईल. रक्तदाबाची गोळी घेणारे पाटील येतील. आणि आपल्या खानापूर-आटपाडीकडचा सोन्याचांदीच्या गलाईचा कारागीर सुट्टीवर आलेला असेल तर तोही येईल. त्याने तेजाबाची वाफ वर्षानुवर्षे छातीत घेतलेली असते. या सगळ्यांना एकाच ठेक्यावर वाकवले तर काय होईल? ज्याला गरज नाही त्याला थोडा फायदा होईल, आणि ज्याला खरी गरज आहे तो दुखणे घेऊन घरी जाईल. कवाईत घेणारा आणि योगशिक्षक यांच्यातला फरक इथे आहे, आणि शिक्षणाची गरजही इथेच आहे.

योगाचे पद्धतशीर शिक्षण आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गुजरातेत मालसर येथे परमहंस माधवदास नावाचे योगी राहत. त्यांच्या दोन शिष्यांनी हे काम आपल्याकडे उभे केले. त्यातले एक श्री योगेंद्र. त्यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला ‘द योग इन्स्टिट्यूट’ काढले. ते आज सांताक्रूझला आहे. योग हा जंगलात जाणाऱ्यांसाठीच आहे, ही समजूत त्यांनी मोडली आणि तो संसारी माणसाच्या दारात आणला. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी तर स्त्रियांसाठी योगावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेही १९३० नंतरच्या दशकात, जेव्हा बाईने व्यायाम करावा की नाही यावरच वाद चाले.

दुसरे शिष्य स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. यांचे चरित्र शिक्षकांनी मुद्दाम वाचावे, कारण ते स्वतः शिक्षक होते. बडोद्याला प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्यात ते तयार झाले आणि खानदेशात अमळनेरला त्यांनी बरीच वर्षे शिकवले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम आश्रम स्थापन केला आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगाने शरीरात काय घडते, हे श्रद्धेवर न सोपवता मोजून पाहायचे, असे त्यांनी ठरवले. नौली करणाऱ्या माणसाच्या आतड्यातला दाब त्यांनी नळीतल्या पाऱ्याने मोजला, क्ष-किरणांनी पोटाची छायाचित्रे घेतली, आसनात रक्तदाब किती चढतो ते पाहिले. प्राणायामाने खूप प्राणवायू मिळतो, अशी समजूत तेव्हा होती आणि आजही आहे. तिलाही त्यांनी मोजमापाने धक्का दिला. प्राणायामाचा उपयोग निराळा आहे, जास्तीचा प्राणवायू साठवण्याचा तो मार्ग नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या आवडत्या विद्येविषयीही खोटे बोलायचे नाही, हा धडा त्यातून प्रत्येक योगशिक्षकाने घ्यावा. १९५० च्या सुमारास कैवल्यधामात योगाचे महाविद्यालय निघाले, आणि तेव्हापासून तिथे योगशिक्षक तयार होत आले आहेत.

तिसरे नाव घेतले पाहिजे ते पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे. १९३७ साली अठरा वर्षांचा हा मुलगा थोड्या महिन्यांसाठी म्हणून पुण्याला शिकवायला आला आणि तिथलाच झाला. २०१४ साली ते वारले, तोवर जगभर त्यांचे विद्यार्थी झाले होते. त्यांनी काय केले? ज्याला वाकता येत नाही त्याच्या हाताखाली लाकडी ठोकळा दिला, पाठीखाली घडीचे कांबळे दिले, पायाला पट्टा दिला, भिंतीला दोर बांधले. शरीर आसनापर्यंत जात नसेल तर आसन शरीरापर्यंत आणायचे, ही त्यांची रीत. आपल्या माणदेशात तर हे सहज जमेल. धनगरी घोंगड्याची घडी, जुन्या लुगड्याचा पट्टा, जेवायला बसायचा पाट आणि घराची भिंत एवढे सामान कुठल्या घरात नाही?

ही झाली परंपरा. आता आजच्या शिक्षणाची रचना सांगतो.

१४ नोव्हेंबर, १५ ऑगस्ट हे दिवस जसे आपण शाळेत पाळतो, तसा २१ जून हा योगदिन २०१५ पासून सर्वत्र पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये तसा ठराव केला. त्यानंतर शिकवणारे इतके वाढले की खरा कोण नि खोटा कोण हे कळेना. म्हणून केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने योगशिक्षकांच्या परीक्षेची व्यवस्था केली. त्यासाठी योग प्रमाणन मंडळ आहे. या परीक्षांना पायऱ्या आहेत. पहिली पायरी योग प्रोटोकॉल प्रशिक्षकाची. योगदिनाला जो ठरावीक क्रम घेतात तो नीट घेता येणे, ही तिची अपेक्षा; शिक्षण सुमारे २०० तासांचे. दुसरी पायरी योग वेलनेस प्रशिक्षकाची, म्हणजे आरोग्य टिकवण्यासाठी योग शिकवणाऱ्याची. सुमारे ४०० तास. तिसरी योगशिक्षक आणि मूल्यमापक. सुमारे ८०० तास. त्याच्या वरही पायरी आहे. परीक्षा लेखी असते आणि प्रत्यक्ष करून व शिकवून दाखवण्याचीही असते. याखेरीज आपल्या राज्यातल्या विद्यापीठांतून योगाच्या पदविका आहेत. काम सांभाळून शिकणाऱ्यांना मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे.

आपल्या गावासाठी पुष्कळांना दुसरी पायरी पुरेशी आहे. ४०० तास म्हणजे किती, याचा हिशेब करा. रोज दोन तास आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर जवळजवळ आठ महिने होतात. एक हंगाम पेरून, कापून, मळणी होईपर्यंतचा काळ. म्हणून कुणी आठ दिवसांत योगशिक्षक करून देतो म्हणाला, तर त्याला लांबून नमस्कार करावा. आठ दिवसांत ज्वारीचा कोंब जेमतेम वर येतो. कणसाची गोष्ट सोडा.

या चारशे तासांत काय शिकायचे? मी पाच भाग करतो.

पहिला भाग ग्रंथांचा. पतंजलींच्या योगसूत्रांत योगाची आठ अंगे सांगितली आहेत: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. लक्षात घ्या, आसन तिसऱ्या क्रमांकावर आहे. त्याआधी अहिंसा आहे, सत्य आहे, अपरिग्रह आहे. आसनाविषयी पतंजली फार थोडे बोलतात. ते स्थिर असावे आणि सुखाचे असावे, एवढेच त्यांचे म्हणणे. हठयोगाचे ग्रंथ नंतरचे. हठप्रदीपिकेत पंधरा आसनांचे वर्णन आहे, घेरंडसंहितेत बत्तीस. म्हणून शंभर आसने येत नाहीत याची लाज वाटून घेऊ नका. पंधरा नीट आली आणि शिकवता आली तरी पुष्कळ झाले.

दुसरा भाग शरीराच्या ओळखीचा. पाठीचा कणा कसा रचलेला आहे, मणक्यांमधली चकती कुठे दबते, गुडघा कोणत्या बाजूला वळतो आणि कोणत्या बाजूला वळवू नये, छातीचा पडदा श्वासाबरोबर वरखाली कसा होतो, हे शिकले पाहिजे. शाळेत शरीरशास्त्राचा धडा आपण पाठ केला आणि विसरलो. इथे तो स्वतःच्या अंगावर हात ठेवून शिकायचा असतो.

तिसरा भाग स्वतःच्या अभ्यासाचा. हा रोजचा, आणि परीक्षेनंतरही न संपणारा.

चौथा भाग निषेधांचा, म्हणजे काय करू नये त्याचा. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच. रक्तदाब चढलेला असेल, हृदयाचे दुखणे असेल, तर शीर्षासन, सर्वांगासन नाही. जोराची भस्त्रिका आणि कपालभातीही नाही, आणि श्वास कोंडून धरणे तर नाहीच. डोळ्यांत काचबिंदू असेल तर डोके खाली करायची आसने नाहीत. हर्निया असेल, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर पोटावर ताण देणारे काही नाही. गरोदर बाईला पोटावर झोपून करायची आसने, पोट पिळणारी आसने आणि कपालभाती वर्ज्य. तिला डॉक्टरांच्या सल्ल्याने निराळे शिकवावे लागते. मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन घेणाऱ्याने उपाशीपोटी फार वेळ व्यायाम केला तर साखर एकदम उतरून घेरी येते. त्याच्यासाठी गूळ-साखर जवळ ठेवावी. जेवण झाल्यावर तीन-चार तास आसने करू नयेत. आणि गलाईवाल्या बंधूंना दम लागत असेल तर आधी छाती डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. श्वासाचा व्यायाम तेजाबाची इजा धुऊन काढीत नाही. खरा उपाय म्हणजे कामाच्या जागी वाफ बाहेर जायची सोय, हे त्यांना स्पष्ट सांगावे.

पाचवा भाग शिकवण्याचा. गुरुजनहो, इथे तुम्ही दुसऱ्यांच्या पुढे आहात. फळ्यावर लिहिताना पाठीमागे कोण खोडी काढतो हे तुम्हाला कळते. तीच नजर इथे लागते. फक्त ती नजर आता श्वासावर, मानेवर आणि चेहऱ्यावर ठेवायची. वाकलेल्या माणसाचा चेहरा ताठरला, श्वास अडला, की समजावे तो आपल्या मर्यादेच्या पुढे गेला. तिथे ‘आणखी वाका’ असे म्हणायचे नाही. ‘थोडं मागं या, गुडघे सैल सोडा’ असे म्हणायचे. सूचना आपल्या बोलीत द्या. ‘मेरुदंड ऋजू ठेवावा’ म्हटले तर आजी तोंडाकडे बघत राहील. ‘आजी, पाठ ताठ करा, डोक्यावर घागर हाय असं समजा’ म्हटले की तिची पाठ आपोआप सरळ होईल. दुसऱ्याच्या अंगाला न विचारता हात लावू नये. बायकांच्या वर्गाला शिकलेली बाईच असली तर फार बरे. म्हणून माझी विनंती अशी की, अंगणवाडीताई, आशाताई आणि शिक्षिका यांनी या शिक्षणात पुढे यावे.

नव्या माणसाला वर्गात घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायला विसरू नका. औषध कुठलं चालू आहे? कधी ऑपरेशन झालंय का? चालताना छातीत दुखतं का, दम लागतो का, चक्कर येते का? उत्तरे वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या प्रश्नाला ‘होय’ आले तर पहिला दिवस वर्गाचा नव्हे, दवाखान्याचा.

वर्गाची मांडणी कशी असावी, याचा एक नमुना देतो. पंचेचाळीस मिनिटांचा तास धरू. पहिली तीन मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष. पुढची सात मिनिटे मान, खांदे, मनगटे, कंबर, घोटे मोकळे करणे. वीस मिनिटे आसने: उभ्याने दोन, बसून दोन, पोटावर दोन, पाठीवर दोन. पुढे वाकवले की मागे वाकवायचे, डावीकडे तसे उजवीकडे. आठ मिनिटे सावकाश श्वासाचा अभ्यास, घेण्यापेक्षा सोडणे थोडे लांब. पाच मिनिटे शवासन. शेवटची दोन मिनिटे विचारपूस. सूर्यनमस्कार घ्यायचे ते धडधाकट माणसांना, आणि तेही तीन-चारांपासून चढवीत. औंधाच्या शाळेतल्या मुलांचा आकडा पन्नाशीच्या माणसाने पहिल्याच दिवशी गाठू नये. शेतात दिवसभर वाकून आलेल्या माणसाला आणखी पुढे वाकवण्याचीही घाई करू नका. त्याला पाठ हलकेच मागे घेणारे भुजंगासन द्या. पाय खुर्चीवर किंवा बाजेवर टेकवून पाच मिनिटे उताणे पडणे, एवढ्यानेही त्याची कंबर मोकळी होते. त्याला मेहनत शिकवायची गरज नाही. विसावा कसा घ्यावा, हे शिकवायचे आहे.

आता एक नाजूक गोष्ट. योगाने काय होते आणि काय होत नाही, हे शिक्षकाला स्वच्छ ठाऊक असले पाहिजे. जुनाट कंबरदुखीत योगाने काही प्रमाणात आराम पडतो, असे अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसले आहे. त्याच चाचण्यांत असेही दिसले की काहींचे दुखणे योगाने थोडे वाढले. मन शांत होणे, झोप बरी लागणे, तोल सावरणे, सांधे हलते राहणे, रक्तदाबाला औषधाबरोबर थोडा हातभार लागणे, हे सगळे आहे. पण क्षय योगाने जात नाही; त्याला गोळ्यांचा पुरा कोर्स लागतो. साप चावला, छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, तर तिथे आसन नाही, गाडी बोलवायची. आणि ‘मधुमेहाच्या गोळ्या सोडा, मी बघतो’ असे म्हणणारा योगशिक्षक नव्हे. त्याच्या शब्दावर एखाद्या गरिबाने इन्सुलिन सोडले तर त्याचा पाय जाईल, डोळे जातील, वेळप्रसंगी जीवही जाईल. गोळी कमी करायची की नाही, हे लिहून देणारा डॉक्टरच ठरवील. आपण फक्त सांगायचे, ‘तपासून घ्या, डॉक्टरांना दाखवा.’ यात आपला कमीपणा नाही. यम-नियमांत सत्य सांगितले आहे ते याचसाठी.

संस्था निवडताना काय पाहावे, असे तुम्ही विचाराल. चार गोष्टी पाहा. शिकवणारे स्वतः किती वर्षे आणि कुणापाशी शिकले? तिथे प्रत्यक्ष माणसांना शिकवण्याचा सराव मिळतो का, की नुसती आसने करून घेतात? शरीरशास्त्र कोण शिकवते? आणि परीक्षा कोण घेते. संस्था स्वतःच की बाहेरचे मंडळ? प्रमाणपत्राच्या छायाचित्रावर भुलू नका. फी भरण्यापूर्वी दोन दिवस वर्गात मागे बसून पाहू द्या म्हणावे. खऱ्या शिक्षकाला त्याची अडचण वाटत नाही.

पोटाचा प्रश्नही आहेच. तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गावात योग शिकवून संसार चालेल का? नुसत्या त्यावर चालणे कठीण. आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने आता ओळखल्या जाणाऱ्या आरोग्य केंद्रांतून अर्धवेळ योग प्रशिक्षक घेतले जातात. मानधन थोडे असते. शाळा आहेत, शहरातले वर्ग आहेत. आपल्या भागातली तरुण मुले गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. तशीच काही मुले-मुली हे शिक्षण घेऊन पुण्या-मुंबईत उभी राहू शकतील. पण जो गावात राहणार आहे त्याने शेती, शाळा किंवा दुकान सांभाळून हे काम करावे. सकाळचा एक तास गावाला दिला, तरी वर्षाकाठी ते मोठे काम होते.

सुरुवात कुठून करायची? उद्या सकाळपासून. परीक्षा, फी, संस्था हे सगळे नंतर. आधी सहा महिने रोज अर्धा तास स्वतः करा, जाणत्या माणसाला दाखवून करा. पाऊस असो, डाळिंबाची फवारणी असो, घरी पाहुणे असोत. सहा महिन्यांत किती दिवस चुकले ते वहीत मांडा. वही बघून तुमचे तुम्हालाच कळेल की आपण शिकवायला योग्य आहोत की अजून शिकायलाच बसायचे आहे.

बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे राज्य १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. सक्ती गेली, ते ठीकच झाले. पण शाळेच्या पटांगणात सकाळी ओळीने उभे राहण्याची ती सवयही पुष्कळ गावांतून गेली. ती पुन्हा आणायची तर हुकमाने येणार नाही. कुणीतरी एका गुरुजींनी, एका ताईंनी नीट शिकून यावे, आपल्याच वस्तीवरच्या दहा माणसांना गोळा करावे आणि त्यातल्या प्रत्येकाचे दुखणे-खुपणे ओळखून शिकवावे. आटपाडीच्या मुलखाला पाण्याची वाट फार वर्षे बघावी लागली. या कामाला पाणी लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. शिकलेला माणूस मात्र लागतो, आणि तो तुमच्यातूनच तयार व्हायचा आहे.